हळू वाढणाऱ्या पेशी

ते साल १९७६. नोव्हेंबरातला दुसरा शुक्रवार होता, हेही अग्नेते राउनच्या कायमचं लक्षात राहिलं, कारण शुक्रवारी सकाळच्या कॉफीबरोबर प्रयोगशाळेत ताजे पाव न्यायची पाळी असे आणि त्या शुक्रवारी पाळी तिची होती. ऑर्हुसच्या बंदराकडून वारा सुटला होता, तेलाच्या गिरणीचा खवट वास गल्लीभर पसरला होता. बेकरीत शिरून तिनं नंबराचा कागद फाडून घेतला, हातमोजे खिशात कोंबले आणि नंबर आल्यावर सांगितलं, "चार खसखशीचे, सहा साधे." काचेमागच्या मुलीनं चिमट्यानं आधी खसखशीचे पाव उचलले, मग त्याच चिमट्यानं साधे. शेवटच्या साध्या पावाबरोबर एक दाणा आला. निळसर काळा, टाचणीच्या टोकाएवढा. पावाच्या गुळगुळीत पाठीवर तो असा बसला होता, जणू तिथेच उगवला होता. अग्नेते त्या दाण्याकडे बघत राहिली. "आणखी काही, बाई?" मुलीनं विचारलं. अग्नेतेला ऐकू आलं नाही असं नाही, पण प्रश्न फार लांबून आला. मागचा म्हातारा म्हणाला, "बाईंचं पावाशी लग्न लागत असेल तर अक्षता टाकून आम्हाला मोकळं करा." लोक हसले. तिनं पिशवी उचलली, पैसे दिले, बाहेर येऊन सायकलचं कुलूप काढायला वाकली आणि किल्ली हातात धरून तशीच उभी राहिली. तो दाणा तिला आठ महिने ठाऊक होता.

अग्नेते तेव्हा त्रेचाळीस वर्षांची होती आणि चौदा वर्षं इस्पितळातल्या कानाच्या विभागात पेशी वाढवण्याचं काम करत होती. माणसाच्या अंगातून काढलेला मांसाचा कण, तांदळाच्या कणीपेक्षाही लहान, काचेच्या चपट्या बाटलीत ठेवायचा, त्यावर गुलाबी पोषणद्रव घालायचा, बाटली अंगाएवढ्या उबेत आडवी करायची आणि वाट बघायची. कण जगला तर त्याच्या कडेनं पेशी बाहेर पडतात, काचेवर पसरतात. एक दिवसाआड जुना द्रव काढायचा, नवा घालायचा. त्या काळी हे सगळं तोंडानं चाले. काचेच्या लांब नळीच्या वरच्या टोकाला कापूस असे आणि द्रव तोंडानं ओढून घेत. आज ऐकणारे कानावर हात ठेवतात, पण तेव्हा त्यात कुणाला काही वाटत नसे. अग्नेते हे काम बेटावरच्या घरी गोठ्यात करायची तशा मनानं करायची: वेळेवर, न बोलता, कुणाचं दूध आटलंय यावर नजर ठेवून. आणि या कामाचा एक नियम होता, भिंतीवर न लिहिलेला, पण पहिल्याच दिवशी शिकवला जाणारा. आधी हळू वाढणाऱ्या पेशींना द्रव घालायचा, मग जलद वाढणाऱ्यांना. उलट कधीही करायचं नाही. कारण नळीच्या टोकाला लागून जलद पेशी द्रवाच्या साठ्यात गेली, आणि तो द्रव नंतर हळू पेशींवर पडला, तर एकच पेशी पुरते. ती दुप्पट होते, चौपट होते, महिन्याभरात सगळी काच तिची होते. मूळच्या पेशी मरतात, आणि बाटलीवर नाव मात्र त्यांचंच राहतं.

मार्चमध्ये, एका गुरुवारी, तिनं उलटं केलं होतं. काचसामान धुणारी इंगर तापानं घरी होती, धुतलेल्या नळ्या संपत आल्या होत्या, कोमट केलेला द्रव एकाच बाटलीत उरला होता. विषाणू वाढवण्यासाठी दुसऱ्या शहरातून आणलेल्या पेशी, कुणा परक्या, केव्हाच मेलेल्या बाईच्या गाठीतून निघालेल्या, प्रयोगशाळेत सगळे त्यांना 'पाहुणीबाई' म्हणत, त्यांच्या बाटलीतला द्रव पिवळा पडला होता. पिवळा म्हणजे खाऊन संपवलेला. तासाभरात त्या मेल्या असत्या. आणि अकराच्या बोटीनं तिचा भाऊ आस्गर येणार होता. तिनं पाहुणीबाईला आधी खाऊ घातलं. मग त्याच नळीनं, त्याच द्रवातून, उल्ला टॉफ्टच्या पेशींना. 'आज उलटं झालं,' एवढंच तिच्या मनात आलं, डाव्या पायाचा मोजा आधी चढवल्यावर येतं तसं. वहीत तिनं ते लिहिलं नाही. बोट वेळेवर आली, आस्गरनं बटाट्यांची पिशवी आणली होती, ते तिला आज सायकल ढकलत चालताना एवढं स्पष्ट दिसत होतं की पिशवीवरची मातीसुद्धा दिसत होती.

उल्ला टॉफ्ट एकोणीस वर्षांची होती. सोळाव्या वर्षी तिला गालगुंड झाले, बरे झाले, आणि मग सहा महिन्यांनी उजव्या कानात घंटा वाजू लागली, तोल जाऊ लागला, कान बंद पडला. भोवळ इतकी की ती जिन्यावर चारी पायांवर चढायची. शेवटी शस्त्रक्रिया करून उजव्या कानाच्या आतला बिघडलेला भाग काढला. त्यातलाच एक कण अग्नेतेच्या बाटलीत आला. असा कान क्वचितच कुणाच्या वाट्याला येतो आणि असा कण त्याहून क्वचित जगतो. हा जगला. दोन वर्षं त्याच्या पेशी इतक्या सावकाश वाढल्या की त्यांना 'राजकन्या' नाव पडलं; गवताच्या पात्यांसारख्या लांब, विरळ, एकमेकींपासून अंतर राखून राहणाऱ्या. गुलाबी द्रव आठवडाभर गुलाबीच राही. डॉक्टर ब्रेमर यांचा तर्क असा होता, की विषाणू केव्हाच गेलाय, पण त्याच्याशी लढायला शिकलेली उल्लाच्या रक्तातली फौज आता तिच्याच कानावर उलटली आहे. आणि हे खरं असेल तर उद्या ती डाव्या कानावरही उलटेल. सप्टेंबरात डावा कान खरोखरच जाऊ लागला. पण तर्क सिद्ध करायला उल्लाच्या रक्तातल्या पेशी तिच्याच कानाच्या पेशींसमोर सोडायला हव्या होत्या, आणि त्यासाठी राजकन्येच्या बाटल्या भरपूर हव्या होत्या. एप्रिलमध्ये राजकन्या एकाएकी फोफावली. दोन दिवसांत द्रव पिवळा! ब्रेमर यांनी अग्नेतेचे दोन्ही हात हातात घेतले होते, चौदा वर्षांत पहिल्यांदा. उन्हाळाभर प्रयोग झाले. उल्लाच्या रक्तातल्या पेशी बाटलीतल्या पेशींवर तुटून पडल्या. लेख लिहून झाला, छापायला गेला. आणि या सोमवारी उल्लाला ते औषध सुरू व्हायचं होतं, एरवी कर्करोगाला देतात ते, रक्तातली सगळी फौजच मारून टाकणारं. डावा कान वाचेल म्हणून. त्या औषधानं पोरीला साध्या सर्दीनंही मरण येऊ शकलं असतं. मूल होईल याची शाश्वती उरली नसती. पण कान वाचणार होता, कारण बाटलीतल्या पेशींनी तसं सांगितलं होतं.

प्रयोगशाळेत पोचल्यावर अग्नेतेनं कोटही न काढता सूक्ष्मदर्शकाखाली राजकन्येची बाटली ठेवली. फरसबंदीसारख्या चौकोनी, एकमेकींना रेटून बसलेल्या पेशी. मग शेजारी पाहुणीबाईची बाटली ठेवली. पुन्हा पहिली. पुन्हा दुसरी. शेतकऱ्याला आपली आणि शेजाऱ्याची गाय ओळखायला किती वेळ लागतो? तिनं एप्रिलमध्येच ओळखलं होतं का? एप्रिलमध्ये ती म्हणाली होती, सवय झाली यांना काचेची, म्हणून रूप बदललं. ती हे आधी स्वतःशी म्हणाली होती, मग ब्रेमर यांना, कुणी विचारलेलं नसताना. जे कुणी विचारलेलं नाही त्याचं उत्तर माणूस का तयार ठेवतो?

"आली का पावांची महाराणी?" इंगर ओरडली. साठीची इंगर, हात कायम पाण्यानं सुरकुतलेले, सगळ्या विभागात एकटी तीच ब्रेमर यांना घाबरत नसे. "खसखशीचे चारच? माझ्या वाटणीची खसखस सरकारनं कापली वाटतं."

टेबलाशी चौघं बसली. डॉक्टर ब्रेमर, पंचावन्न वर्षांचे, उंच, बहिऱ्या माणसांशी बोलून बोलून समोरच्याच्या थेट तोंडाकडे बघत सावकाश बोलायची सवय लागलेले. त्यांच्यासमोर खोटं बोलणं त्यामुळे अवघड जाई. शेजारी लोने क्येल्डसेन, अठ्ठावीस वर्षांची नवी डॉक्टरीण, जी त्या काळच्या नव्या रीतीप्रमाणे सगळ्यांना अरेतुरे करायची, ब्रेमरनासुद्धा, आणि त्यांच्या भुवया उडालेल्या बघून खूश व्हायची. "तू लोणी संपवलंस, डॉक्टर," ती आत्ताही म्हणाली. "मी संपवलं नाही, तुमच्यासाठी पातळ लावायचा आदर्श ठेवला," ब्रेमर म्हणाले.

अग्नेते म्हणाली, "माझ्याकडे एक केक लागू आहे."

एकदम हास्याचा स्फोट झाला. त्या प्रयोगशाळेची, खरं तर सगळ्या देशाचीच, ही पद्धत. ज्याच्या हातून घोटाळा होईल त्यानं केक आणायचा. केक खाल्ला की घोटाळा संपला, पुन्हा कुणी काढायचा नाही. लोनेनं वर्षभरात सात केक आणले होते. ब्रेमर यांनी दोन. इंगरच्या केकांचा हिशोबच नव्हता. अग्नेतेनं चौदा वर्षांत एकही नाही. "ऐका हो ऐका!" लोने चमचा कपावर वाजवत म्हणाली, "ध्वज चढवा रे कुणीतरी! काय फोडलंस गं? नळी? बाटली? देवा, बाटली तरी असू दे!" इंगर म्हणाली, "मला चॉकलेटचा. चौदा वर्षांचं व्याज म्हणून वर साय." अग्नेतेही हसली. तिला आपलं हसणं गालांवर कुणीतरी बाहेरून चिकटवल्यासारखं लागलं. पाचवा केक असता, दहावा असता, तर सांगता आलं असतं, असं तिला त्या क्षणी वाटलं. चुका करायचीसुद्धा सवय लागते, ती तिला लागली नव्हती. लोकांना वाटे ही निर्दोष आहे. ती फक्त सरावाची नव्हती. "डॉक्टर," ती उठत म्हणाली, "तुमच्या खोलीत बोलायचंय."

पण खोलीच्या दारापाशी ती थांबली. ब्रेमर आत गेले होते, दार उघडंच होतं, आणि तिला आस्गरचा कान आठवला. आस्गर तिच्याहून दोन वर्षांनी मोठा. लहानपणीच्या तापानं त्याचा डावा कान गेला होता. जेवायच्या टेबलावर अग्नेते त्याच्या डावीकडे बसायची. सहा-सात वर्षांची असताना तिला शोध लागला, की जे कुणालाच सांगता येत नाही ते आस्गरच्या डाव्या कानात सांगता येतं. अंडी मी फोडली. आजीच्या पेटीतलं नाणं मी घेतलं. कोंबडी मेली ती मी दार उघडं टाकलं म्हणून. ती त्याच्या कानाशी तोंड नेऊन पुटपुटायची आणि तिला हलकं वाटायचं. सांगितलं तर होतं, आणि ऐकलं कुणीच नव्हतं. असं कितीतरी वर्षं चाललं. मोठेपणी एकदा, वडिलांच्या अंत्यविधीनंतर, बियर पिता पिता आस्गर म्हणाला होता, "तू माझ्या या कानात काय गं कुजबुजायचीस? शब्द कळायचे नाहीत. पण श्वास गरम लागायचा. मला वाटायचं, हिला काहीतरी फार होतंय. मी हलायचो नाही." ती तेव्हा रडली होती आणि वडिलांसाठी रडतेय असं सगळ्यांना वाटलं होतं. आज दाराशी उभी राहून तिला वाटलं, आपण आयुष्यभर बहिऱ्या कानाशीच बोलत आलो. एप्रिलपासून जे स्वतःशी म्हणत होतो तेही तसंच. आत चांगले दोन कान असलेला माणूस बसला होता.

तिनं उभ्यानंच सांगितलं. मार्चचा गुरुवार, नळी, द्रव, क्रम. ब्रेमर ऐकताना तिच्या ओठांकडेच बघत होते.

"तुम्ही दमल्या आहात, अग्नेते."

"दमले नाहीये."

"पेशी काचेवर रूप बदलतात. तुम्हीच सांगितलंत मला."

"मी सांगितलं, म्हणूनच ते तसं नाही हेही मीच सांगतेय."

ते खिडकीकडे गेले. खाली इस्पितळाच्या बागेत माळी पानं गोळा करत होता. "कुणाकुणाला ठाऊक आहे?"

"मला. आणि आता तुम्हाला."

"आणि तुम्हाला केव्हा कळलं?"

"आज सकाळी," ती म्हणाली. ते वळले आणि तिच्या तोंडाकडे बघू लागले. "नाही," ती म्हणाली. "एप्रिलमध्ये. एप्रिलमध्ये कळलं असावं. मी बघितलं नाही."

ते टेबलाशी परत आले. मग सावकाश म्हणाले, "एक समजून घ्या. मी औषध दिलं नाही तर तो कान जाणार, हे मला पक्कं ठाऊक आहे. दिलं तर काय होईल हे मला ठाऊक नाही. तुमच्या पेशींमुळे ठाऊक आहे असं वाटत होतं." त्यांच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर तिला बरं वाटलं असतं. "उद्या गुणसूत्रं मोजा. लोनेला बरोबर घ्या. मी मोजणार नाही. माझी इच्छा आधीच मोजून बसली आहे."

शनिवारी इमारत रिकामी होती. पेशी दुभंगायच्या क्षणी त्यांना औषधानं थांबवायचं, पाण्यानं फुगवायचं, उंचावरून काचपट्टीवर थेंब टाकून फोडायचं, रंगवायचं. मग प्रत्येक पेशीतली गुणसूत्रं बोटावर काड्या मोजाव्यात तशी मोजायची. माणसाची शेहेचाळीस. गाठीच्या पेशींची वाट्टेल तितकी. लोने मोजायची आणि अग्नेते लिहायची. "चौसष्ट," लोने म्हणाली. मग "सहासष्ट." मग तिनं थट्टा करणं बंद केलं. "त्रेसष्ट. अगं, अग्नेते." वीस पेशी मोजून झाल्या. शेहेचाळीसची एकही नव्हती. अग्नेते पेन्सिलनं आकडे लिहीत होती आणि तिच्या डोळ्यांपुढे आकडे नव्हते, उल्लाची आई होती. मे महिन्यात फ्रू टॉफ्ट, म्हणजे श्रीमती टॉफ्ट, मुलीला तपासायला घेऊन आल्या होत्या, शाळेत स्वयंपाकाचं काम करणारी रुंद खांद्यांची बाई, टोपीची पिन हातात गच्च धरलेली, आणि ब्रेमर मोठ्या आनंदानं म्हणाले होते, "दाखवा त्यांना." अग्नेतेनं खुर्ची खाली केली, भिंग नीट लावून दिलं. फ्रू टॉफ्ट एक डोळा मिटून बघत राहिल्या. मग हळूच म्हणाल्या, "गुड मॉर्निंग, बाळा." आणि डोळे पुसत अग्नेतेला म्हणाल्या, "किती गर्दी आहे हो. किती जोमानं वाढतेय. घरी धड जेवत नाही, आणि इथे बघा." ते वाक्य अग्नेतेनं सहा महिने मनात जपलं होतं, स्वतःच्या कामाला मिळालेलं बक्षीस म्हणून. आता तिला कळलं की त्या बाईनं कुणा परकीला, कुठल्याशा देशात कधीच पुरलेल्या बाईच्या गाठीला, बाळा म्हटलं होतं. लेख मागे घेता येतो. ते गुड मॉर्निंग कसं मागे घ्यायचं?

"गोठवलेल्या आहेत का काही?" लोनेनं विचारलं. "मार्चच्या आधीच्या?"

होत्या. द्रवरूप नायट्रोजनच्या पिंपात काचेच्या तीन कुप्या, जानेवारीत अग्नेतेनंच ठेवलेल्या, अक्षर तिचंच. खऱ्या राजकन्येच्या. पण त्या जागवायच्या, वाढवायच्या, प्रयोगापुरत्या करायच्या म्हणजे कमीत कमी चार महिने, आणि तेही जगल्या तर. उल्लाच्या डाव्या कानाकडे चार महिने नव्हते. "त्या कुप्या नसत्याच तर बरं झालं असतं," लोने खुर्चीत मागे रेलून म्हणाली. "म्हणजे उत्तर नाही असं असतं. आता उत्तर पिंपात आहे आणि आपल्याला वेळेवर मिळणार नाही." मग तिनं अग्नेतेकडे पाहिलं. "मी असते तर सांगितलं असतं का, याचा विचार करतेय. सोमवारनंतर सांगितलं असतं, बहुतेक. तूही थांबू शकली असतीस."

"हो," अग्नेते म्हणाली. "तोच मोह होता."

सोमवारी नऊ वाजता ब्रेमर यांच्या खोलीत फ्रू टॉफ्ट, उल्ला आणि अग्नेते. ब्रेमर म्हणाले होते की यायची गरज नाही, विभागाची जबाबदारी माझी. ती आली. उल्लानं कानामागे केस सारले होते, डाव्या कानात यंत्र होतं, ती ब्रेमर यांच्या ओठांवर नजर लावून होती. ब्रेमर यांनी सगळं सांगितलं, एकही शब्द मऊ न करता. औषध आज सुरू करणार नाही. ज्या पुराव्यावर ते द्यायचं ठरलं होतं तो पुरावाच नाही; परक्या पेशींवर कुणाचंही रक्त तुटून पडतं. पुराव्याशिवाय, माझ्या नुसत्या वाटण्यावर, एकोणीस वर्षांच्या मुलीच्या जिवाशी मी खेळू शकत नाही.

फ्रू टॉफ्ट अग्नेतेकडे वळल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे त्या बाटलीत आमची उल्ला नव्हती?"

"नव्हती," अग्नेते म्हणाली. "माझ्या हातून झालं. मी क्रम चुकवला."

"आणि मी तिला..." फ्रू टॉफ्ट यांचा चेहरा लाल झाला, लाजेनं, रागानं नाही, आणि अग्नेतेला ते बघवेना. "तुम्ही शेजारी उभ्या होतात. मी मूर्खासारखी बोलत होते आणि तुम्ही शेजारी उभ्या होतात."

"आई," उल्ला म्हणाली. तिला अर्धंच ऐकू आलं होतं. ती अग्नेतेकडे वळली, आणि बहिरी होत चाललेली माणसं बोलतात तशा थोड्या जास्तच मोठ्या आवाजात तिनं विचारलं, "मग माझ्या कुठे गेल्या?"

कोणत्याही लेखात हा प्रश्न नव्हता. अग्नेतेनं तिच्या समोर येऊन, ओठ दिसतील असं, सांगितलं, "त्यांना जागा उरली नाही. त्या मेल्या. पण तीन कुप्या आहेत, थंडीत ठेवलेल्या. त्या तुझ्याच आहेत. मी त्या जागवणार आहे."

"केव्हा?"

"आजपासून."

"तोवर मला ऐकू येईल?"

अग्नेतेनं ब्रेमर यांच्याकडे पाहिलं नाही. "नाही," ती म्हणाली. उल्लानं मान हलवली, कुणी पत्ता सांगितल्यावर हलवावी तशी, आणि कोट घालू लागली. फ्रू टॉफ्ट उठता उठता म्हणाल्या, "द्या ना हो ते औषध. पुरावा काय चाटायचाय?" ब्रेमर यांनी त्यांच्याकडे थेट बघत, सावकाश, पुन्हा नाही म्हटलं. त्या दिवशी ते टेबलावर कॉफीला आले नाहीत.

उल्लाचा डावा कान जानेवारी संपता संपता गेला. शेवटचं तिला काय ऐकू आलं, हे अग्नेतेनं पुढे एकदा विचारलं, तेव्हा ती म्हणाली, कुणाचा तरी खोकला, बसमध्ये. तीन कुप्यांतल्या दोन मेलेल्या निघाल्या. तिसरीतल्या मूठभर पेशी जगल्या, लांब, विरळ, एकमेकींपासून अंतर राखणाऱ्या. अग्नेते त्यांना सगळ्यात आधी, वेगळ्या द्रवातून, वेगळ्या नळीनं खाऊ घालायची, आणि मधे कुणी बोललं तर उत्तर देत नसे. सहा महिने त्या टिकल्या. मेमध्ये त्यांच्यापुढे उल्लाच्या रक्तातल्या पेशी सोडल्या. रक्तातल्या पेशी त्यांच्यावर तुटून पडल्या. फार नाही, छापण्याजोगं नाही, पण तुलनेसाठी घेतलेल्या इतर चौघांच्या रक्तापेक्षा स्पष्ट. मग राजकन्याही संपली. ब्रेमर यांनी तो कागद दोनदा वाचला आणि म्हणाले, "म्हणजे तर्क बरोबर असू शकतो," आणि खुर्चीवर बसले, एकदम म्हातारे झाल्यासारखे.

अग्नेतेनं त्याच आठवड्यात उल्लाला सगळं लिहून दिलं, एका बाकावर बसून, वहीत, एकेक ओळ. उल्लानं वाचलं. मग पेन्सिल मागून घेतली आणि लिहिलं, औषध दिलं असतं तर कान वाचला असता? अग्नेतेनं लिहिलं, कदाचित. कदाचित तू वाचली नसतीस. माहीत नाही. उल्लानं वही मिटून परत दिली. मग मोठ्यानं, स्वतःचा आवाज न ऐकता, म्हणाली, "हे आईला सांगायचं नाही. कधीच. मला सांगितलंस ते ठीक केलंस."

डॉक्टर ब्रेमर यांनी लेख मागे घेतला. मासिकात चार ओळींची सूचना आली, तीत अग्नेतेचं नाव त्यांनी घालू दिलं नाही. ज्या पदावर त्यांचा हक्क होता ते दुसऱ्याला मिळालं. ते रुग्ण तपासत राहिले आणि १९८९ मध्ये वारले. तोवर दुसऱ्या देशांतल्या डॉक्टरांनी तशाच औषधांनी काही कान वाचवले होते. त्या बातमीचं कात्रण ब्रेमर यांच्या टेबलाच्या खणात सापडलं. लोने विभागाची प्रमुख झाली. तिनं प्रत्येक पेशीसाठी वेगळ्या रंगाची पट्टी आणि वेगळी बाटली असा कडक नियम केला, आणि नवी मुलं त्याला कुरकुरत. इंगर निवृत्त होऊन मुलाकडे राहायला गेली आणि एका हिवाळ्यात बर्फावर पडून गेली. आस्गर बेटावरच राहिला, बटाटे लावत. उल्ला बहिऱ्यांच्या शाळेत हातांची भाषा शिकली, व्हीबोर्गजवळ एका रोपवाटिकेत कामाला लागली, तिथल्याच एका बहिऱ्या माळ्याशी लग्न केलं, दोन मुली झाल्या. अग्नेते १९९५ मध्ये निवृत्त झाली.

फ्रू टॉफ्ट यांनी त्या सोमवारनंतर अग्नेतेशी समोरासमोर कधी शब्द काढला नाही. पण दर नाताळात त्यांचं एक कार्ड यायचं, सतरा वर्षं, शाळकरी गोल अक्षरात, आणि शुभेच्छांखाली दर वेळी तोच प्रश्न असायचा: त्या तीन कुप्यांतून काही निघालं का हो? अग्नेते दर वेळी उत्तर लिहायची. काही निघालं नाही, फ्रू टॉफ्ट. पाकीट बंद करून ती स्वतः जाऊन टपालपेटीत टाकायची.